या सहामाहीत कुणी नाही

जानेवारीत एकदा, जुलैत एकदा
तोक्योतल्या एका जेवणघराच्या तळमजल्यावर
परीक्षक बसतात,
आणि चाकणच्या कारखान्यात दुपारी अडीचच्या सुमारास
मी वेल्डिंगच्या सूचनांचा तर्जुमा अर्धवट सोडून
फोन पालथा ठेवते, पुन्हा उलथा करते.

ही सवय माझी नाही, शरयूची.
ती मनगटावर साडेतीन तास पुढचं घड्याळ घालायची.
फर्ग्युसन रस्त्यावर चहा पिता पिता म्हणायची,
"चल, तिकडे अंधार पडला."
जपानीच्या वर्गात शेवटी आम्ही दोघीच उरलो होतो
कांजीच्या रेघा मोजत,
बाकीच्यांना नोकऱ्या लागल्या होत्या.

तिनेच सांगितलं:
एक लेखक पस्तिसाव्या वर्षी गेला, आपल्या हाताने.
मागे राहिलेला मित्र मासिक चालवायचा.
आठ वर्षं त्याने आत काय सांभाळलं कुणास ठाऊक,
मग गेलेल्याच्या नावाने बक्षीस काढलं.
नव्या माणसाच्या गोष्टीला
एक खिशातलं घड्याळ.
पैसेही असतात, पण मान घड्याळाचा.

"घड्याळच का गं?"
"ज्याची वेळ संपली त्याच्या नावाने
दुसरं काय देणार? शाल-नारळ?"

एकाने म्हणे परीक्षकाला पत्र लिहिलं,
उलगडलं तर चार मीटर भरलं.
मला द्या. मला द्याच.
नाही मिळालं.
युद्ध संपता संपता बक्षीसच बंद पडलं, चार वर्षं.
आणि कित्येकदा, युद्ध नसताना,
सगळे जिवंत, सगळे लिहिते असताना
परीक्षक जेवण आटोपून बाहेर आले आणि म्हणाले,
या सहामाहीत कुणी नाही.

शरयूला हे सर्वांत आवडायचं.
"नाही म्हणायचीही रीत असते बघ.
आपल्याकडे लगेच उत्तेजनार्थ."

ती एकोणचाळिसाव्या वर्षी गेली,
ससूनच्या फाटकाशी, रिक्षातच.
मनगटावरचं पुढे धावतच होतं,
तिच्या आईने ते तिच्याबरोबर जाऊ दिलं.

मी आठ नाही, तीन वर्षं थांबले.
मग बोहरी आळीत फक्रुद्दीनभाईंकडून
साखळीचं एक जुनं घड्याळ घेतलं,
झाकणावर कुणाचं तरी पुसट अक्षर.
"चालेल बाई, पण रोज चावी मागेल."

पत्रक लावलं: जपानीतून मराठीत, एक कथा.
आल्या नऊ.
परीक्षक दोन, मी आणि प्रुफं तपासून डोळे गेलेले सबनीस,
टिळक रस्त्यावरच्या खानावळीत, तळमजल्यावर
(वर बारसं होतं).

एकीत सगळी माणसं वाक्यागणिक नमस्कार घालत होती.
एकीत ओसाकातली सून "अगंबाई" म्हणत होती.
एक बरी होती.
चांगलीच बरी होती, शेवटच्या पानापर्यंत,
शेवटच्या पानावर मुलाला भीती वाटली होती
की घाबरल्यासारखं, ते कळतच नव्हतं.
सबनीस चष्मा पुसत राहिले.
"उत्तेजनार्थ?"
मी ताटातली कोशिंबीर संपवली.
डावीकडची चटणीही.

संध्याकाळी शरयूच्या आईला फोन केला.
"कुणाला गेलं गं?"
"कुणालाच नाही, काकू."
बराच वेळ पलीकडे नुसता टीव्ही.
"बरं झालं. तिला तरी कुणाचं कुठे पसंत पडायचं.
मग घड्याळ?"
"माझ्याकडेच. चावी देते रोज."
"किती वाजलेत त्यात?"

मी खरं ते सांगितलं. पावणेअकरा.
त्यांच्या भिंतीवर सव्वासात असणार.

"हं," म्हणाल्या,
"म्हणजे जेवली असेल."